पहिलं पान तिनं लिहायचं

३ फेब्रुवारी

दुरुस्त केलेलं पेन पानभर चालवून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही, हा आमच्या दुकानाचा नियम. निब काढायची, धुवायची, सरळ करायची, बसवायची हे माझं काम. पहिलं पान मात्र हिनं लिहायचं. ही म्हणजे माझी बायको. एकतीस वर्षं हे असंच चाललं. काय लिहायची, तर मनाला येईल ते. दूधवाल्याची कागाळी, बहिणीचे टोमणे, क्वचित माझ्यावर चार ओळी. मी काही ते वाचत नसे. मी फक्त रेघ बघायचो.

लेकीला मूल झालं म्हणून ही तीन महिन्यांसाठी तिच्याकडे गेली, त्याला आता अकरा महिने झाले. मी पेनं दुरुस्त करून आठाचे आकडे आणि वेटोळी काढून बघतो. त्यात काही कळत नाही. महिन्याभरात चार पेनं परत आली. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, "वेटोळी काय काढतोस? माणसासारखं काहीतरी लिही. रोजनिशी लिही." म्हणून ही वही आणली. ज्या दिवशी जे पेन दुरुस्त होईल, त्यानं त्या दिवशीचं पान.

आजचं पेन एका निवृत्त मास्तरांचं. मऊ निब आहे. मऊ निब म्हणजे दाबली की तिच्या दोन पाकळ्या फाकतात आणि रेघ जाड होते, हात उचलला की पुन्हा बारीक. दिसायला फार सुंदर, पण पाकळ्या फाकतील तितकी शाई मागून यायला हवी. ती आली नाही तर जाड रेघेच्या जागी दोन बारीक रेघा उमटतात आणि मध्ये कोरं. आम्ही त्याला रूळ पडणं म्हणतो. मास्तरांच्या पेनात निबेखालची काळी जीभ सैल होती, शाई तिच्यावरूनच तर उतरते. कढत पाण्यात धरून जीभ निबेला चिकटून बसवली. आता रूळ पडत नाहीत.

पान भरलं. पेन चाललं. कोणाला दाखवायचं?

९ फेब्रुवारी

हिचं पत्र आलं. डिसेंबरभर पत्र नव्हतं, जानेवारीत एक आलं ते चार ओळींचं, आणि आज हे. पानभर आहे. पूर्वी चार चार पानं यायची.

जाताना घरातलं सगळ्यात मऊ निबेचं हिरवं पेन घेऊन गेली होती. त्याची पार वाट लागलेली दिसते. प्रत्येक काना म्हणजे दोन रूळ. भिंगाखाली धरलं तर मध्ये शाईचा ठिपकासुद्धा नाही. आणि अक्षरांवर रेघ दिलेली नाही. एकाही शब्दावर नाही. शाळेत अक्षराचं बक्षीस मिळवलेली बाई. आता रेघ द्यायलाही वेळ नाही हिला. अक्षर डुगडुगलंय, नातीला मांडीवर घेऊन लिहीत असेल.

जिभेत वाळकी शाई अडकली असणार. उत्तरात लिहिलं की कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून धू आणि रात्रभर निथळू दे. लिहून झाल्यावर आठवलं, ही युक्ती मला हिनंच शिकवली होती. तरी पाठवलं.

१६ फेब्रुवारी

लेकीला फोन केला. फोनवर मला निम्मंअर्धं ऐकू येतं, त्यामुळे दोन्हीकडून ओरडाआरडा. आईला दे म्हटलं तर आंघोळीला गेलीय. मागच्या वेळीही आंघोळच चालू होती. फार स्वच्छ घर दिसतंय.

लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदा येऊन जा ना."

"का? काही झालंय का?"

"नाही, तसं काही नाही. पण या."

"तिला सांग यायला. तिचं घर इथे आहे."

लेकीनं विषयच बदलला. मग नातीला दात आला म्हणाली.

१७ फेब्रुवारी

कालचं बोलणं मनातून जात नाही, म्हणून लिहून टाकतो. जायच्या आदल्या दिवशी ही म्हणाली होती, "तुम्हीही चला. अंगणाच्या बाजूची खोली रिकामी आहे त्यांच्याकडे. खिडकीशी टेबल लावलं तर तुमचं काम तिथेही होईल." मी म्हणालो, "दुकान बंद म्हणजे मी बंद." तिनं कपाट लावलं, म्हणाली, "बरं. पत्र लिहीन." बस्स. भांडण नाही, काही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मलाही काही बोलता आलं असतं.

त्यानंतर पुन्हा तिनं एकदाही या म्हटलेलं नाही. मी बोलवत नाही, ती बोलवत नाही. दोघंही मोठे मानी.

४ मार्च

पत्र. चकित झालो. रूळ आहेतच, वर आता सगळ्या पानावर फरपटा. प्रत्येक ओळ पुसल्यासारखी, शाई ओली असताना त्यावरून काहीतरी फिरलंय. म्हणजे शाई जास्त येतेय. पण रूळ पडतात म्हणजे शाई कमी येतेय. एकाच पानावर जास्तही आणि कमीही. चाळीस वर्षांच्या धंद्यात असं पाहिलेलं नाही.

चष्मेवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, "तू पत्र वाचलंस का?"

"बघितलं."

"बघितलंस ते दिसतंय. वाचलंस का?"

घरी येऊन वाचलं. लिहिलंय की नात धरून उभी राहते. दुकानातल्या बाकावर बसून जिना चढणारी माणसं दिसायची, त्याची आठवण येते. तुम्ही दुपारी जेवता की बिस्किटांवर भागवता. शेवटी, पेन धुतलं, फरक नाही.

बिस्किटांचं तिला कोणी सांगितलं कोण जाणे.

शाई बदलून बघावी. दाट शाईला वेळ लागतो, लवकर वाळणाऱ्या पातळ शाईची बाटली आजच पार्सल केली. बरोबर लिहिलं की घाईनं लिहू नकोस, हात हलका ठेव. हिला हात हलका ठेव म्हणून सांगायची वेळ यावी! हिच्यासारखा हात मी कोणाचा बघितला नाही. गिऱ्हाईक सांगायचं, पेन अडतं. मला दहा मिनिटं घासून कळायचं नाही. ही दोन ओळी लिहून सांगायची, "डावी पाकळी वर आहे." आणि असायची.

११ मार्च

आज काम नाही. हिचा बाक पुसला. एवढंच.

२२ मार्च

पत्र, पाच ओळी. 'शाई मिळाली. छान आहे. पण पेनात दोष नाही असं मला वाटतं.'

दोष नाही म्हणे. पानावर रूळ पडलेत, फरपटा आहेत, निबेनं कागद ओरबाडलाय, शिंतोडे उडालेत, आणि पेनात दोष नाही. सरळ सांगायचं ना, की लिहायचा कंटाळा आला. पत्रं अर्धी झाली, अर्ध्याची पाव झाली, उद्या येणारच नाहीत. माणूस हळूहळू सुटतं ते असंच सुटत असेल. मला राग आलाय असं मी चष्मेवाल्याला सांगितलं, पण खरं म्हणजे भीती वाटते.

पेनच पाठव असं लिहिलं.

५ एप्रिल

हिरवं पेन आलं. लेकीनं बांधलेलं दिसतं, गाठी तिच्या आहेत. आत नातीच्या लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेलं. मोजा माझ्या अंगठ्याएवढा आहे. तो टेबलाच्या खणात ठेवलाय.

पेन उघडलं तर आत आरशासारखं लख्ख. वाळकी शाई नाही, जीभ घट्ट, दोन पाकळ्यांमधली चीर सरळ. मी लिहून बघितलं तर लोण्यासारखं चाललं. दाबलं, पाकळ्या फाकल्या, शाई मागोमाग आली. एक रूळ पडला नाही. फक्त निबेच्या टोकाची एक कड जरा खरवडलेली, भलत्याच बाजूनं. टाकलं असेल कुठेतरी. पॉलिशच्या कागदावर दोन फेऱ्या मारून ती साफ केली.

पण काहीच दुरुस्त न करता परत कसं पाठवायचं? राहवेना. जिभेतली खाच बारीक पात्यानं केसभर खोल केली, पितळेची पट्टी चिरेतून फिरवली. आता कितीही दाबा, शाई कमी पडणार नाही. आज या पानावर हे सगळं त्याच पेनानं लिहितोय. तिची बोटं जिथे लागतात तिथला रंग उडालाय. मी तिथेच धरलंय.

१२ एप्रिल

समारंभाच्या पाकिटांवर नावं लिहून देणाऱ्या एक बाई आल्या. मऊ निबेचं नवं पेन, तक्रार अशी की कागद ओरबाडतं, शिंतोडे उडतात. मी लिहून बघितलं, काही नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या हातून लिहील हो ते. माझ्या हातून बघा." आणि डाव्या हातात पेन धरलं.

उजव्या हातानं आपण निब ओढतो. डाव्या हातानं ती ढकलावी लागते, विशेषतः अक्षरांवरची रेघ. ढकलली की मऊ पाकळ्या कागदात रुततात आणि सुटताना शिंतोडे उडवतात. शिवाय मागून येणारा पंजा ओल्या शाईवरून फिरतो. त्या बाई कागद पार आडवा करून लिहितात. त्यांना टोकाची ढकलायची कड गोल करून दिली. खूष होऊन गेल्या.

नवीन काही शिकल्याचा आनंद झाला. हिला लिहून कळवायला हवं, तिला अशा गोष्टी आवडतात.

२८ एप्रिल

दुरुस्तीनंतरचं पहिलं पत्र. तेच रूळ, त्याच फरपटा. शाई वाढवल्यानं फरपटा दुप्पट. या वेळी अक्षरांवर रेघ आहे. लिहिलंय, 'रेघ दिली आहे, तुम्हाला आवडते म्हणून. फार वेळ लागला.'

मऊ निबेची रेघ जिथे संपते तिथे शाईचा थेंब साचतो. या पत्रातला प्रत्येक थेंब रेघेच्या डाव्या टोकाला आहे. म्हणजे सगळ्या रेघा उजवीकडून डावीकडे ओढलेल्या आहेत. भिंग बदलून बघितलं, शब्दन् शब्द तसाच.

हे लिहिणारं माणूस डावखुरं आहे. ही डावखुरी नाही. लेकही नाही, जावईही नाहीत. म्हणजे ही कोणाकडून तरी पत्रं लिहवून घेते. शेजारीण असेल, मोलकरीण असेल. मला दोन ओळी लिहायच्या तर त्याही दुसऱ्याच्या हातानं. वर माझं पेन त्याला देऊन. मऊ निबेचं पेन दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, निब बिघडते, हे मी गिऱ्हाइकांना घसा कोरडा होईस्तोवर सांगतो, आणि माझ्याच घरात हे.

दुकान दुपारीच बंद केलं.

२९ एप्रिल

चष्मेवाल्यापुढे पत्र टाकलं. म्हटलं, बघ, परक्या माणसाकडून लिहवून घेतलंय. त्यानं चष्मा लावून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "'तुमचे कान साफ करून घ्या. फोनवर तुम्ही ओरडता ते मला आतल्या खोलीत ऐकू येतं, मला काय ते उत्तर देता येत नाही. बाकावरची उशी उन्हात टाका, तुम्ही टाकली नसणार.'" वाचून थांबला. "हे परक्या माणसाचं बोलणं आहे?"

"बोलणं तिचंच आहे. हात तिचा नाही."

"कोणी परकी बाई तासभर बसून तुझ्या उशीची चौकशी लिहून देईल? अशा अक्षरात? अरे, एवढा त्रास कोण कोणासाठी काढतं?"

मी दुकानात येऊन बसलो. समोर मास्तरांचं अजून न नेलेलं पेन होतं. ते डाव्या हातात धरलं. नुसतं धरायलाच वेळ लागला. हाताला सवय नाही म्हणून सगळी ताकद लावून दाबलं, तर पाकळ्या पार फाकल्या आणि शाई तुटली. रूळ. खाली दुसरी ओळ लिहिली, पंजा पहिलीवरून गेला. फरपट. वर रेघ द्यायला गेलो तर निब कागदात रुतली, शिंतोडे उडाले. मग कागद फिरवून उजवीकडून डावीकडे ओढली. थेंब डाव्या टोकाला.

चार महिने हे माझ्यासमोर भिंगाखाली होतं.

लेकीला फोन केला. म्हटलं, "आईच्या उजव्या हाताला काय झालंय?" तिकडून काही ऐकू येईना. मला वाटलं माझे कान. मग कळलं, रडत होती. डिसेंबरात ही न्हाणीघरात घसरली. मनगट मोडलं, ऑपरेशन झालं, पण अंगठा आणि शेजारचं बोट वळत नाही. वळणारही नाही म्हणतात. "बाबा, आईनं शपथ घातली होती. म्हणाली, एक शब्द सांगायचा नाही."

मी तिला साबणानं धू म्हणून लिहिलं होतं. हात हलका ठेव म्हणून लिहिलं होतं.

३० एप्रिल

भिंगं, पाती, पितळेच्या पट्ट्या, पॉलिशचे कागद, मोठा दिवा, छोटी शेगडी, सगळं पेटीत भरलं. एका निबेसाठी एवढं लागत नाही, पण असू दे. आठ पेनं झालेली होती, ती चष्मेवाल्याकडे ठेवली. किल्लीही दिली.

"किती दिवस?" तो म्हणाला.

"एक निब घासायची आहे."

"दिवस विचारले मी."

"बघू."

त्यानं पेटी उचलून तिचं वजन बघितलं. बाकावरची उशीही घेतली. आज उन्हात टाकली होती.

२ मे

दार लेकीनं उघडलं. ही खिडकीशी बसली होती, नात पायाशी. उजवा हात ओढणीखाली झाकलेला. मला बघून उठली नाही, रडली नाही. म्हणाली, "आलात? चार महिने लागले तुम्हाला."

"लपवलंस का?"

"लपवलं असतं तर पत्रं लेकीकडून लिहून घेतली असती. मी तर सगळं पानावर ठेवलं होतं. म्हटलं, हा माणूस रेघ वाचतो. पहिल्याच पत्रात ओळखेल." मग म्हणाली, "हात मोडला म्हणून कळवलं असतं, तर दुसऱ्या दिवशी आला असतात. हातासाठी. ते मला नको होतं. म्हटलं, बघू या, माझं काय बिघडलंय हे याला आपणहून कळतं का. तर तुम्ही साबण सांगितलात."

मला हसू आलं, आणि हसता हसता रडायलाच आलं. तिनं ओढणी पुढे केली, डोळे पुसायला. तेव्हा हात दिसला. मी तो हातात घेतला. किती हलका आहे. सांगितलं तिला की अकरा महिने... चौदा महिने झाले आता. सांगितलं की मला तुझ्याशिवाय करमत नाही, एक पेन धड दुरुस्त होत नाही. एकतीस वर्षांत हे कधी बोललो नव्हतो. ती म्हणाली, "हळू बोला, नात दचकेल."

३ मे

सकाळी तिला म्हटलं, लिही. आणि पहिल्यांदाच मी रेघ न बघता हात बघत बसलो. डावा हात कसा वळतो, कुठे अडतो, कोणत्या पाकळीवर भार जास्त देतो. निब ज्या बाजूनं खरवडलेली होती, तीच बाजू ही कागदावर ढकलते. मी मूर्खासारखी ती खूण पुसून टाकली होती.

पेटी खिडकीजवळच्या टेबलावर उघडली. म्हटलं, "टोक एकदा घासलं की परत येत नाही. उजव्या हातानं हे पेन पुन्हा तसं चालणार नाही."

तिनं उजव्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "घासा," म्हणाली.

दोन तास लागले. ढकलायची कड गोल केली. जिभेतली खोल केलेली खाच मात्र बुजवता येईना, म्हणून पेटीतली नवी जीभ, मास्तरांच्या पेनातली बसवली होती तशीच, कढत पाण्यात नमवून बसवली. आता शाई तिच्या हाताला लागेल तेवढीच येईल. मी लिहून बघितलेलं नाही. पहिलं पान तिनं लिहायचं. पान हेच, खालच्या ओळी तिच्या.

शाई नीट येते. रूळ नाहीत. आडव्या रेघेला अजून जरा बोचतं, पण घाईनं घासू नका. उद्या बघा, नाहीतर परवा. टेबल खिडकीशी आहेच. ही खोली मी कोणाला वापरू दिलेली नाही.